हंपीच्या कालव्यांना काँक्रीट कशाला?

मा. संपादक,

विजयनगरच्या कालव्यांवरचा आपल्या मागील अंकातला लेख वाचला. हंपी म्हटले की मंदिरे, रथ आणि हत्तीखाना यांपुढे कुणी जात नाही. तिथे कुणी पाण्याकडे पाहिले, हे चांगलेच झाले. आक्षेप आहे तो लेखाच्या निष्कर्षाला. या कालव्यांच्या भिंती ग्रॅनाइटच्या असल्यामुळे पाचशे वर्षे टिकल्या, आता त्या पाझरतात, तेव्हा आतून काँक्रीटचे अस्तर देणे हाच शहाणपणा, असे लेखक म्हणतात. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस म्हणून मला यातली पहिली गोष्ट अर्धवट आणि शेवटची धोक्याची वाटते.

ग्रॅनाइट अमर आहे, ही समजूत हंपीतच खोटी ठरते. तिथल्या टेकड्यांवर एकावर एक रचल्यासारखे जे गोल धोंडे दिसतात, ते कुणी रचलेले नाहीत. अखंड खडकाला भेगा पडल्या, भेगांतून पाणी शिरले, दगडातल्या फेल्डस्पारची माती झाली आणि ती वाहून गेल्यावर मधला गाभा उरला. पाणी ग्रॅनाइटलाही खाते, फक्त सावकाश खाते. दगड कठीण होता एवढ्यावर भिंत उभी राहत नाही. ती कशी रचली, हा प्रश्न आहे.

त्या रचनेच्या खुणा आजही उघड्यावर आहेत. हंपीत कितीतरी धोंड्यांवर एका ओळीत चौकोनी खाचा दिसतात. खडकाचा कल बघून पाथरवटाने त्या घेतल्या, त्यांत पाचरी ठोकल्या आणि खडक सरळ रेषेत फुटू दिला. काही खाचा तशाच राहिल्या आहेत, धोंडा फुटलेलाच नाही. काम का अर्धवट सुटले कोण जाणे. असे फोडलेले दगड देवळांना लागले, तटाला लागले आणि पाण्याच्या कामालाही लागले. नदीतले बंधारे मात्र बरेचसे अनघड धोंड्यांचे आहेत, खडकाचे नैसर्गिक उंचवटे एकमेकांना जोडत नागमोडी गेलेले. कालव्याच्या भिंतीत पुष्कळ ठिकाणी चुना नाहीच. दगडावर दगड सांधमोड करून बसवलेला, फटीत चिपा मारलेल्या, आणि अधूनमधून भिंतीच्या जाडीत खोल गेलेला लांब दगड. आमच्या खात्यात त्याला थ्रू दगड म्हणत.

हे चुना परवडत नव्हता म्हणून केले, असे कुणी समजू नये. राजवाड्याच्या परिसरात दगडी खांबांवरून पन्हळी नेऊन जिथे हौदांत पाणी सोडले आहे, तिथे चुन्याचा गिलावा आहे, मातीच्या भाजक्या नळ्याही आहेत. तिथे थेंबही गळायला नको होता. शेतातून जाणाऱ्या कालव्यात तसा हट्ट धरला नाही. कुठे पाणी अडवायचे आणि कुठे थोडे जाऊ द्यायचे, हे बांधणाऱ्याने ठरवून केले होते. लेखक ज्याला दोष म्हणतात तो त्या कामाचा भाग आहे.

याचे कारण कालवा भरलेला असताना कळत नाही, तो बंद केल्यावर कळते. पाणी उतरले की भिंतीमागची ओली माती भिंतीला आत ढकलू लागते. कोरड्या बांधणीच्या दर्जांमधून ते पाणी निथळून जाते आणि भिंत जागच्या जागी राहते. अस्तराचा पातळ थर मात्र मागच्या दाबाने उचलला जातो. त्यासाठी ठेवलेली भोके गाळाने बुजतात. उन्हाने सांधे उघडतात, त्यांत गवत रुजते. असे उखडलेले अस्तर पाहायला हंपीपर्यंत जायला नको, महाराष्ट्रातल्या कोणत्याही कालव्याच्या काठाने चालत गेले तरी पुरे. दगड सरकला तर चार माणसे पहारीने तो परत बसवतात. काँक्रीटचा तुकडा निघाला तर पुढच्या निविदेची वाट पाहावी लागते.

शिवाय पाझरलेले पाणी जाते कुठे? हंपीतला तुर्तू कालवा देवळांच्या आणि राजवाड्याच्या मधल्या दरीतून जातो. दोन्ही अंगाला भात आणि केळी आहेत. कालव्यातून जे मुरते ते खालच्या विहिरींना आणि ओढ्याला मिळते. कागदावर ती गळती असते, त्याच खोऱ्यात खालच्या शेतकऱ्याचा तो पाणीसाठा असतो.

आता दुसरी बाजू. कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार मुखाकडे शेत असलेल्या कुणालाही नाही. भरावावरून जाणारा किंवा मुरमाड जमिनीतला एखादा टप्पा अतोनात पाणी पीत असेल, तर तिथे अस्तर द्यावे. पण आधी तो टप्पा बांध घालून भरावा, पातळी किती उतरते ते मोजावे आणि मग ठरवावे. सरसकट अस्तराचा मोह का होतो, हे आम्हा खात्यातल्या लोकांना ठाऊक आहे. काँक्रीट चौरस मीटरमध्ये मोजता येते, त्याचे बिल सरळ निघते. विजयनगरच्या कालव्यांचे आधुनिकीकरण आशियाई विकास बँकेच्या कर्जातून झाले आहे. अशा कर्जाच्या प्रकल्पात मोजता येईल अशाच कामाला भाव असतो. चिपा मारून भिंत सारखी करणाऱ्या माणसाचे काम मोजमापवहीत बसवायचे कसे?

यातली गंमत अशी की, या कालव्यांना आज ज्या धरणाचे पाणी मिळते ते होस्पेटचे तुंगभद्रा धरण दगडी बांधणीचे आहे आणि त्यात सिमेंटऐवजी सुरखी-चुना वापरला आहे. ते 1953 साली पुरे झाले, म्हणजे हे काही मध्ययुगातले प्रकरण नव्हे. ऑगस्ट 2024 मध्ये तिथले एकोणिसाव्या क्रमांकाचे दार साखळी तुटून वाहून गेले आणि देशभर धरणाची चर्चा झाली. गेले ते लोखंडाचे दार, दगडी भिंत जिथल्या तिथे होती. आर्थर कॉटनसारख्या इंग्रज अभियंत्यानेही 1836 मध्ये कोलेरून नदीवर बंधारा घातला तो कावेरीवरचा जुना कल्लणै बंधारा पाहून. वाळूवर बांधकाम कसे तोलायचे, हा धडा त्याने तिथे घेतला. आपण मात्र जुन्या कामाला हार घालतो आणि लगेच त्यावर काँक्रीट ओततो.

आपल्याकडे ग्रॅनाइट थोडा. दक्षिण सिंधुदुर्ग आणि पूर्व विदर्भ सोडला तर बहुतेक काळा बसाल्ट. पण पांझरा-मोसमच्या काठच्या फड पद्धतीतल्या दगडी बंधाऱ्यांबाबत मी हेच म्हणेन. हंपी 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या मानाला जागून निदान तिथल्या कालव्यांचा दगड काँक्रीटमागे गाडला जाऊ नये.

लेखकाने पुढच्या लेखात एका गोष्टीची चौकशी करावी, अशी विनंती आहे. दगड फोडण्या-बसवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे वडार कारागीर बेल्लारीपासून सोलापूर-सांगलीपर्यंत आजही आहेत. कालव्याच्या दुरुस्तीच्या निविदेत कोरड्या दगडी बांधणीची स्वतंत्र बाब, तिचा स्वतंत्र दर आणि ते काम तपासू शकणारा उपअभियंता, या तिन्ही गोष्टी कुठे सापडतात का, ते त्यांनी पाहावे आणि आपण ते छापावे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, सांगली