जीवशास्त्र म्हणजे केवळ ‘नीट’ नव्हे

बारावीचे निकाल लागले की नाशिकच्या इंदिरानगर परिसरातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो. मुलाने किंवा मुलीने जीवशास्त्र घेतले आहे असे कळताच पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “मग नीटचे काय झाले?” सजीव सृष्टीचा अभ्यास करणारे एवढे विशाल शास्त्र, पण आपल्या मध्यमवर्गाने त्याला एका परीक्षेची प्रवेशखोली करून टाकले आहे. त्या खोलीतून आत गेला तो यशस्वी, बाहेर राहिला तो वाया गेला, अशी आपली सोपी वर्गवारी!

आकडे काय सांगतात? २०२४ साली सुमारे २३ लाख विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली. देशातील एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी एक लाखाच्या थोड्या वर होत्या. आयुर्वेद, दंतवैद्यक, पशुवैद्यक यांच्या जागा मिळवल्या तरी बहुसंख्य विद्यार्थी बाहेर राहणार, हे परीक्षेपूर्वीच निश्चित असते. तरीही बाहेर राहणाऱ्यांसाठी पालकांपाशी एकच उत्तर असते, ‘आणखी एक वर्ष थांब’.

परिचयातील एका कार्यकर्त्याच्या घरी हेच घडले. कन्या हुशार. पावसाळी सहलीत अंजनेरीच्या पठारावर सगळे धबधब्याकडे धावत, तेव्हा ही खडकावर ओणवी होऊन इवल्याशा फुलांची चित्रे काढीत बसे. तिने दोनदा परीक्षा दिली. दोन्ही वेळा गुण कमी पडले. तिसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याची वेळ आली तेव्हा ती वडिलांना शांतपणे म्हणाली, “बाबा, मला रुग्ण तपासायचे आहेत का, हे तुम्ही मला एकदाही विचारले नाही.” आज ती वनस्पतिशास्त्र शिकते आहे. वडील म्हणतात, “शाखेतल्या प्रत्येक मुलाचा कल मला ठाऊक होता, घरातल्या मुलीचा नव्हता.” हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी स्वतःला लावून पाहावे असे आहे.

आवड ओळखायची कशी? त्यासाठी महागड्या चाचण्यांची आवश्यकता नाही. इंदिरानगरपासून पांडवलेणी ती काय दूर! पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात मुलाला घेऊन जावे आणि तो कशापाशी थांबतो ते पाहावे. पाने, पक्षी, कीटक यांच्यापाशी रेंगाळणारा मुलगा वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्रात रमेल. दही का लागते, भाकरीला बुरशी का येते, असे विचारणाऱ्याला सूक्ष्मजीवशास्त्र वा जीवरसायनशास्त्र भावेल. ज्याला गणिताचीही गोडी आहे, त्याने अकरावीत गणित सोडण्याची घाई करू नये. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणिताचेही असतात आणि जैवमाहितीशास्त्र तर गणितावाचून चालतच नाही. शेताच्या बांधावर ज्याचे मन लागते, त्याला राज्याच्या सीईटीमधून कृषी पदवीचा मार्ग मोकळा आहे.

“पण पोटापाण्याचे काय?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. नुसत्या बीएस्सीवर उत्तम नोकरी मिळेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. पुढे एमएस्सी, संशोधन किंवा एखादे विशेष प्रशिक्षण यांची तयारी हवी. अभ्यासक्रमाच्या भारदस्त नावालाही भुलू नये. जैवतंत्रज्ञान या शब्दाच्या मोहाने प्रवेश घेऊन पुढे पस्तावलेले विद्यार्थी थोडे नाहीत. महाविद्यालयात जाऊन प्रयोगशाळा पाहावी, विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का ते विचारावे, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य विषयाला दुसऱ्या विषयाची जोड देता येते. ती जोडही विचारपूर्वक निवडावी.

आणि काम नाही असे कोण म्हणतो? आपल्या जिल्ह्याकडेच पाहा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर केवडा आणि भुरी यांचे संकट दरवर्षी घोंघावते. २०१० साली औषधाच्या अंशाचे कारण देऊन युरोपने आपली द्राक्षे नाकारली, तेव्हा बागायतदारांची झोप उडाली होती. लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेले ‘कृषक’ केंद्र गॅमा किरणांच्या साहाय्याने कांद्याला कोंब येणे रोखते. तेथूनच प्रक्रिया होऊन २००७ साली आपला आंबा अमेरिकेला गेला. नांदूरमध्यमेश्वर हे २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. या प्रत्येक ठिकाणी सजीवांचे शास्त्र जाणणारा माणूस लागतो.

याहून मोठा प्रश्न राष्ट्राच्या ज्ञानसंपदेचा आहे. जखमेवर हळद लावणे आपल्या आजीला ठाऊक होते. तरी १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रज्ञांनी पुरावे सादर करून ते १९९७ साली रद्द करविले. केवळ परंपरेचा अभिमान बाळगून ही लढाई जिंकता आली नसती. परंपरा शास्त्राच्या भाषेत मांडणारी माणसे हवी होती. भगूरच्या स्वातंत्र्यवीरांनी ‘विज्ञाननिष्ठ निबंध’ लिहिले, ते याच वृत्तीच्या जागरणासाठी.

मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर पश्चिम घाटात हिंडले आणि गोड्या पाण्यातील जेलीफिश त्यांनी शोधून काढला. पुढे कलकत्त्यात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले आणि १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची धुरा उचलली. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आवडीच्या विषयाला आयुष्य वाहिले की एका व्यक्तीतून संस्था उभी राहते, याचे हे उदाहरण.

डॉक्टर होणे निश्चितच पुण्याचे काम आहे. ज्याला त्याची ओढ आहे त्याने त्यासाठी जिवाचे रान करावे. परंतु ओढ नसलेल्या मुलाची दोन-तीन उमेदीची वर्षे केवळ प्रतिष्ठेपायी खर्ची घालणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे आणि समाजाचीही हानी आहे. यंदा प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक सायंकाळ मुलांसोबत बसा. बोलू त्यांना द्या. आपण फक्त ऐका.