शेजारी बार हवा की नको, यापेक्षा कोणत्या अटींवर हवा? म्हैसूरच्या वस्त्यांतला न विचारला जाणारा प्रश्न

म्हैसूर : कर्नाटकात किरकोळ मद्यविक्रीची दुकाने आणि बार यांच्या परवान्यांची संख्या १९९२ पासून गोठवलेली होती. वापराविना पडून राहिलेल्या अशा ५६९ परवान्यांचा ई-लिलाव करण्याचे पाऊल राज्य सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये उचलले. यांतील बहुतांश परवाने किरकोळ दुकानांचे, तर उरलेले बारचे आहेत. लिलावाची चर्चा प्रामुख्याने महसूल आणि बोलीची किमान रक्कम यांभोवती फिरत राहिली. म्हैसूरसारख्या शहरातील रहिवाशाच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा आहे. आपल्या रस्त्याच्या तोंडाशी उद्या नवा फलक लागला, तर त्याबाबत आपले म्हणणे कोणी विचारणार आहे काय?

या प्रश्नाची मांडणी बहुधा दोन ठरावीक पद्धतींनी केली जाते. पहिल्या मांडणीत म्हैसूर हे राजवाड्याचे, दसऱ्याचे आणि निवृत्तांचे शांत शहर असून बार हे त्यावरील संकट ठरते. दुसऱ्या मांडणीत हेच शहर विद्यापीठाचे, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे, योग शिकण्यासाठी गोकुलममध्ये येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे ठरते आणि बारला होणारा विरोध जुनाट वाटू लागतो. दोन्ही मांडण्या सोयीच्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. निवासी भागातील बारविरुद्ध कर्नाटकातील शहरांतून जी निवेदने दिली जातात, त्यांचा रोख बहुतेक वेळा मद्यपानावर नसतो. तो रात्री अकरानंतरच्या आवाजावर, फाटकापुढे आडव्या लावलेल्या दुचाकींवर, मोकळ्या भूखंडांत साचणाऱ्या बाटल्यांवर आणि संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलींच्या वाटेवर असतो. या तक्रारी नीतीच्या नसून शेजाराच्या आहेत.

हा भेद लक्षात घेण्यासाठी परवान्यांचे प्रकार समजून घेणे आवश्यक आहे. कर्नाटकात 'सीएल-२' हा किरकोळ विक्रीचा परवाना आहे. तेथून बाटली विकत न्यायची, दुकानात बसून प्यायची नाही. 'सीएल-९' हा बार-रेस्टॉरंटचा परवाना असून तेथे खाद्यपदार्थांसह मद्य देता येते. 'सीएल-७' हा निवासाची सोय असलेल्या हॉटेलांसाठी असून त्यासाठी ठरावीक संख्येच्या खोल्या असाव्या लागतात. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांची संख्या गोठवलेली असल्याने नव्याने सुरू होणारे अनेक बार तिसऱ्या वाटेने आले. खोल्या नावापुरत्या आणि धंदा बारचा, अशी तक्रार या परवान्यांबाबत वारंवार ऐकू येते. त्याखेरीज जुन्या पेठेतील परवाना नव्या वसाहतीत स्थलांतरित होणे हाही एक मार्ग आहे. सरकारदरबारी तो जुनाच परवाना असतो. ज्यांच्या दारात तो येतो, त्यांच्या दृष्टीने मात्र बार नवा असतो.

जागेची निवड कोणत्या कसोटीवर होते, हे कर्नाटक अबकारी परवान्यांच्या १९६७ च्या सर्वसाधारण अटींच्या नियमांत सांगितले आहे. धार्मिक स्थळ, शिक्षणसंस्था, रुग्णालय आणि सरकारी कार्यालय यांपासून १०० मीटरच्या आत मद्यविक्रीचा परवाना देता येत नाही. प्रामुख्याने अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या निवासी भागालाही हे संरक्षण आहे. अंतर कसे मोजायचे, हेही नियमात आहे : पादचारी नेहमी ज्या जवळच्या वाटेने जातो, त्या वाटेने. त्यामुळे बार उघडण्याच्या वादात फीत घेऊन रस्ता मोजणे हा एक विधीच होऊन बसतो. अंतर ९८ मीटर भरले तर रहिवासी जिंकतात आणि १०२ भरले तर परवानाधारक.

या यादीत इतर सर्वसामान्य घरांचा मात्र उल्लेख नाही. देवळापासूनचे अंतर मोजले जाते, पण बारच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा असले किंवा दहावीची परीक्षा देणारी मुलगी असली, तरी ते अंतर कोणी मोजत नाही. म्हणूनच रहिवाशांना आपली खरी तक्रार बाजूला ठेवून कोपऱ्यावरची बालवाडी किंवा गणपतीचे छोटे देऊळ पुढे करावे लागते. बारचा वाद धार्मिक भासू लागतो, त्याचे एक कारण नियमाच्या या घडणीतच आहे. कायद्याला जी भाषा ऐकू येते, त्या भाषेत माणसे बोलू लागतात.

आवाजाबाबत कायदा मुका नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या केंद्रीय नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र १० ते पहाटे ६ अशी धरली जाते. दुसरीकडे, कर्नाटकच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात बंगळूरूसह राज्यातील अन्य दहा महानगरपालिकांच्या क्षेत्रांत व्यवसायाची वेळ रात्री १ पर्यंत वाढवण्याचे धोरण मांडण्यात आले. रात्रीच्या अर्थव्यवस्थेला चालना देण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु १० ला सुरू होणारी शांतता आणि १ पर्यंत चालणारा व्यवसाय हे दोन्ही एकाच गल्लीत कसे नांदणार, याचे उत्तर अबकारी निरीक्षकाने द्यायचे, पोलीस ठाण्याने की महापालिकेने, हे रहिवाशाला उमगत नाही. त्याचा अर्ज या तीन टेबलांवरून फिरत राहतो.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बार शेजारी असावा असे वाटणारेही याच वसाहतींत राहतात. दिवसभराच्या कामानंतर मित्रांबरोबर बसण्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रात्री मद्यपान केलेल्या अवस्थेत गाडी चालवत परतण्यापेक्षा चालत जाता येईल असे ठिकाण अधिक सुरक्षित, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. त्यांच्या अपेक्षाही अवाजवी नाहीत. चांगले स्वयंपाकघर असावे, बिलात लपवाछपवी नसावी, स्वच्छतागृह वापरण्याजोगे असावे, आणि सोबत आलेल्या पत्नीला किंवा बहिणीला तेथे बसताना संकोच वाटू नये. अंधारलेल्या काचा, अरुंद जिना आणि उभ्यानेच पेला रिकामा करण्याची घाई या वातावरणाला अनेक ग्राहकही कंटाळले आहेत. बारमध्ये बसणारा आणि बारशेजारी राहणारा यांच्या मागण्या शेजारी-शेजारी मांडल्या, तर त्या एकमेकींच्या फार विरोधात नाहीत. उजेड, शिस्त, वेळेवर बंद होणे आणि वाहनांसाठी स्वतःची जागा या गोष्टी दोघांनाही हव्या आहेत.

मग हे बोलणे होत नाही ते कोठे? याचे एक उत्तर पैशाच्या वाटेत आहे. कर्नाटकने २०२५-२६ साठी अबकारी महसुलाचे उद्दिष्ट ४०,००० कोटी रुपये ठेवले होते. हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. बाटल्या उचलण्याचा, गटारे साफ करण्याचा, वाहतूक आवरण्याचा भार मात्र प्रभागावर पडतो. नफा एकीकडे आणि निस्तरणे दुसरीकडे असले, म्हणजे परवाना देणाऱ्याला प्रभागाचे म्हणणे ऐकण्याची निकड राहत नाही. लिलावाने ही दरी रुंदावण्याचा धोका आहे. बोलीत रकमेची स्पर्धा होते, चांगल्या शेजाराची होत नाही. मोठी रक्कम मोजून परवाना घेणारा ती लवकर वसूल करू पाहणार, आणि वसुली म्हणजे अधिक विक्री, अधिक तास, अधिक गर्दी.

दुसरे उत्तर स्थानिक लोकशाहीच्या पोकळीत आहे. म्हैसूर महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवक असतानाही परवाना देणे त्याच्या हाती नव्हते. पण निवेदन घेऊन जायला एक दार होते आणि त्या दारामागे पुढच्या निवडणुकीची चिंता करणारा माणूस होता. ते दार नसले की नागरिकाकडे धरणे आणि न्यायालय हे दोनच मार्ग उरतात. दोन्ही मार्ग बार उघडल्यानंतरचे आहेत, आणि तोवर मालकाचे भांडवल अडकलेले असते. तडजोडीची वेळ निघून गेल्यावर भांडण सुरू होते.

स्थानिकांचे म्हणणे मोजण्याचा एक जुना प्रयोग महाराष्ट्राला परिचित आहे. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास दुकान बंद करण्याबाबत गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली की आडवी बाटली, या चिन्हांनी हे मतदान ग्रामीण महाराष्ट्राच्या भाषेत रूढ झाले आणि अनेक गावांत महिलांनी बाटली आडवी केली. शहरांत मात्र मतदानाला पुरेशी संख्या जमवणे कठीण जाते. २०२५ च्या मार्चमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात जाहीर केले की, गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा मद्याचे दुकान उघडण्यासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, आणि महापालिका प्रभागात झालेल्या मतदानापैकी ७५ टक्के मते विरोधात गेल्यास दुकान बंद होईल.

महाराष्ट्राची ही वाट कर्नाटकपेक्षा पुढची आहे, यात शंका नाही. कर्नाटकातही मद्यविरोधी आंदोलनातील हजारो ग्रामीण महिलांनी २०१९ च्या जानेवारीत चित्रदुर्ग ते बंगळूरू पायी मोर्चा काढला होता. परंतु उभ्या-आडव्या बाटलीला एक मर्यादा आहे. मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात. 'बाटली उभी राहू द्या, पण दहा वाजता आवाज बंद करा' असे सांगण्याची सोय तेथे नाही. दारूने घर उद्ध्वस्त झालेल्या गावातील स्त्रीला दोन चित्रे पुरेशी असतील. शहरातील वसाहतीला तिसऱ्या चित्राची गरज आहे. शिवाय सरसकट बंदीचे अनुभवही समोर आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवली, तेव्हा अवैध दारू आणि वाढती गुन्हेगारी ही कारणे देण्यात आली होती. त्या निर्णयावर मतभेद आहेत, पण परवाना नसलेल्या विक्रेत्याला अटी घालता येत नाहीत, हे मान्य करावे लागते.

हे तिसरे चित्र इतरत्र अस्तित्वात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार नव्या पबच्या अर्जाची सूचना त्या जागेवर २८ दिवस लावावी लागते आणि या मुदतीत शेजाऱ्यांना लेखी हरकत घेता येते. गुन्हे रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव टाळणे आणि मुलांचे संरक्षण या चार उद्दिष्टांच्या कसोटीवर स्थानिक संस्था निर्णय देते. मद्यपान चांगले की वाईट, हा मुद्दा तेथे विचारात घेतला जात नाही. परवाना मिळतो, पण अटींसह मिळतो, आणि अटी मोडल्या तर रहिवासी फेरविचाराची मागणी करू शकतात.

भारतात अशी रचना उभारण्यास घटनात्मक अडथळा नाही. कर्नाटकातूनच गेलेल्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले की, मादक पेयाचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, आणि राज्य त्यावर निर्बंध घालू शकते. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. शेजाऱ्यांना दिलेला निरंकुश नकाराधिकार लवकरच मांसाहारी खानावळीवर, एकट्या राहणाऱ्या तरुणींवर किंवा विशिष्ट समाजाच्या व्यावसायिकावर चालवला जाऊ शकतो. म्हणून हरकतीची कारणे निश्चित असावीत आणि ती सिद्ध करावी लागावीत. रहिवाशांना हक्क हवा तो ऐकले जाण्याचा. शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार कोणालाच देता येणार नाही.

कर्नाटकात अबकारी वर्ष १ जुलै ते ३० जून असे चालते आणि परवान्यांचे नूतनीकरण दरवर्षी होते. याचा अर्थ सुधारणेसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. नव्या किंवा स्थलांतरित परवान्याच्या जागेवर कन्नड आणि इंग्रजीत सूचना लावणे, प्रभागात एक जाहीर सुनावणी घेणे, संगीताची वेळ, वाहनतळ आणि कचऱ्याची व्यवस्था या अटी परवान्यावरच नमूद करणे, आणि नूतनीकरणाआधी वर्षभराच्या तक्रारींची नोंद तपासणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. चांगला बारमालक या अटींना घाबरणार नाही, कारण नियम पाळणाऱ्याला न पाळणाऱ्याशी स्पर्धा करावी लागणे हेच त्याचे आजचे दुखणे आहे. लिलावातून नवे परवाने वस्त्यांत उतरणार असतील, तर त्यांच्या पहिल्याच नूतनीकरणाच्या वेळी सरकारच्या हाती बोलीच्या रकमेबरोबर शेजाऱ्यांचे म्हणणेही असावे, एवढीच या शहराच्या रहिवाशांची मागणी आहे.