रायपूरच्या संग्रहालयात एक अंधारी खोली हवी

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयातली एक खोली कायमची अंधारी करावी, तिथे अतिनील दिवे बसवावेत आणि त्यांच्या उजेडात आपल्या भागातले दगड मांडावेत, अशी माझी मागणी आहे.

रायपूरजवळच्या अभनपुरात मी वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं. दगड हातात दिले की मुलं जांभया देत, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. जळगावकडच्या खडीच्या खाणीतला मळकट कॅल्साइट पाहून कुणाला काय वाटणार? मग खिडक्या लावायच्या आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला जांभळा दिवा त्याच्यावर धरायचा. खडा आतून पिवळसर उजळायचा आणि मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "सर, आत काय आहे?" वर्गात याहून मोलाचा प्रश्न मी ऐकलेला नाही.

आत असतात इलेक्ट्रॉन. डोळ्यांना न दिसणारी अतिनील ऊर्जा घेऊन ते वर उठतात आणि खाली येताना तिचा काही भाग दिसणाऱ्या रंगात परत करतात. रंग ठरवते ती बहुतेकदा भेसळ: कॅल्साइटमध्ये मँगनीजचा लवलेश असला तर लाल-नारिंगी, माणकात क्रोमियम असलं तर लाल. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली हा गुण उलगडून सांगितला. त्यांच्या अभ्यासात फ्लोराइटही होतं, आणि फ्लोराइट आपल्याकडे राजनांदगावच्या बाजूला चांदीडोंगरीला आहे. प्रत्येक फ्लोराइट चमकतंच असं नाही. म्हणून तर दिवा धरून बघायचं. देवभोगला जाणारा रस्ता अभनपुरातूनच फुटतो. त्या वाटेवर मैनपूरच्या बाजूला हिरे असलेले किंबरलाइट खडक आहेत, पुढे देवभोग परिसरात अलेक्झांड्राइट हे रत्न. बऱ्याच हिऱ्यांना अतिनील उजेडात निळी झाक येते. पश्चिमेला नाशिकच्या बेसाल्टमधलं पॉवेलाइट लघुलहरी, म्हणजे आखूड लहरींच्या, अतिनील दिव्याखाली साय-पिवळं पेटतं. नुसत्या उजेडात त्याच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या फ्रँकलिनची जस्ताची खाण १९५४ साली बंद पडली. तरी अतिनील उजेडात हिरवा पेटणारा तिथला विलेमाइट आणि लाल पेटणारा कॅल्साइट पाहायला लोक आजही जातात. अमेरिकेतल्याच टक्सनला दरवर्षी दगडांचा मोठा बाजार भरतो, त्यात दख्खनचे झिओलाइट विकले जातात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाने हेच दगड आपल्या माणसांपुढे मांडून दाखवले. रायपूरला असं काही नाही, आणि ही उणीव मला मनापासून खटकते.

दगडाची खरी किंमत त्याच्या पत्त्यात असते. कुठलं गाव, कुठली खदान, बेसाल्टची पोकळी की ग्रॅनाइटमधली शीर, हे लिहून ठेवलं नाही तर अभ्यासकाच्या दृष्टीने तो निव्वळ शोभेचा तुकडा. खडीची खाण बुजली, तिच्यावर इमारत उभी राहिली, की तो पत्ता पुन्हा मिळत नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी जगाला निळंशार कॅव्हनसाइट दिलं, आणि त्याच वाघोलीत आज वसाहती वाढताहेत. क्रशरमध्ये काय गेलं याचा हिशेब कोण देणार?

महंत घासीदास राजनांदगावचे राजे होते आणि संग्रहालय १८७५चं आहे. चांदीडोंगरीच्या फ्लोराइटला तिथे जागा मिळणं मला न्यायाचं वाटतं. खर्चही फार नाही: काळा पडदा, दीर्घलहरी आणि लघुलहरी दिवे, समोर काच. साधी काच लघुलहरी किरण अडवते, त्यामुळे दिवा आणि दगड तिच्या पलीकडे ठेवले की मुलांचे डोळे त्या किरणांपासून सुरक्षित राहतात.

छंद असणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. जुन्या खाणीच्या बोगद्यात शिरू नका, छत कधी खचेल सांगता येत नाही. मालकाला विचारल्याशिवाय दगड उचलू नका. उचललात तर त्याच दिवशी गावाचं आणि खाणीचं नाव चिठ्ठीवर लिहा, आणि ही खोली झाली की तो दगड चिठ्ठीसकट तिथे द्या.