कांद्याचा भाव आणि आपला महागाई भत्ता



कांदा महागला की आपल्या वसाहतींत बोंब उठते. तो मातीमोल झाला की कोणी अवाक्षर काढत नाही. लासलगावला नेमके उलटे असते.

मनमाड-नाशिक मार्गावरचे, निफाड तालुक्यातले हे शेतीचे गाव. १९४७ साली इथे बाजार समिती स्थापन झाली. आज देशभरच्या व्यापाऱ्यांची नजर इथल्या लिलावावर असते. पंचक्रोशीतला शेतकरी ट्रॅक्टर भरून येतो, पण भाव पुकारणारा दुसराच. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, म्हणून मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो, पण तिथली सड आणि घट शेतकऱ्याच्याच माथी.

भाव जरा वर गेला की सरकार जागे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क बसवले, डिसेंबरात निर्यातच बंद केली. बंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पूर्ण गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

आपल्या रेल्वेचेही तेच. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली-दानापूर ही पहिली किसान रेल सुटली. भाड्यात ५० टक्के सवलत होती, ती २०२२ मध्ये संपली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत भाव चढले, तेव्हा लासलगावहून १६०० टन कांदा घेऊन खास मालगाडी धावली. म्हणजे ग्राहक ओरडला की वाघिणी मिळतात. शेतकरी ओरडला तर नाही.

कोणी म्हणेल, कांदा महागला तर आपल्या चुलीचे काय? प्रश्न रास्त आहे. पण आपल्याला निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा महागाई भत्ता मिळतो. तो कोणी दान दिलेला नाही, लढून मिळवला आहे. शेतकऱ्याच्या खर्चाला असा निर्देशांक नाही. कांद्याला केंद्राचा हमीभावही नाही. मग आपली स्वस्ताई त्याच्या तोट्यातून का यावी? आपल्यातले कितीतरी ट्रॅकमन, पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक अशाच घरांतून आले आहेत.

म्हणून शाखांनी ठराव करावेत: हंगामभर सवलतीच्या भाड्याची नियमित कांदागाडी हवी, माल धक्क्यावर छप्पर हवे आणि पोती वाहणाऱ्या हमालांना कायद्याचे संरक्षण हवे. गाडी चालवणारे हात आपले आहेत. ती कोणासाठी चालते, हे विचारण्याचा हक्कही आपला आहे.