आवाज बसतो तेव्हा

दसरा होऊन गेला होता आणि काकडआरती चार दिवसांवर आली होती. पन्हाळा भागातल्या एका गावचे भजनी बुवा सुनेला बरोबर घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वय अडुसष्ट. चाळीस वर्षे गावच्या मंडळात चाल धरणारा हा माणूस त्या दिवशी जवळजवळ कुजबुजत होता. घसा लाल नव्हता, ताप नव्हता, दुखत काही नव्हते. मी गुळण्या सांगितल्या, आम्लपित्ताची गोळी लिहून दिली आणि हसून म्हणालो, ‘‘बुवा, वय झालं आता, आवाजालाही विश्रांती द्या थोडी.’’

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा मी गोळी बदलली. काकडआरतीचा महिना त्यांनी टाळ वाजवण्यावर भागवला. जानेवारीत सून एकटीच आली. ‘‘डॉक्टरसाहेब, मामा आता फोनसुद्धा घेत नाहीत. देवळात जायचंही बंद केलंय. दुसरं काही असंल का हो?’’ तिच्या त्या प्रश्नाने मी भानावर आलो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. दुर्बिणीतून पाहिल्यावर उजव्या स्वरतंतूवर पांढरट चट्टा दिसला. तुकडा तपासला गेला आणि कर्करोगाचे निदान झाले.

जी चिठ्ठी मी तीन आठवड्यांत द्यायला हवी होती, ती तीन महिन्यांनी दिली. हे स्तंभात लिहिताना अवघडल्यासारखे होते. पण वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा बसलेला आवाज आज असेल, म्हणून लिहितो.

आधी हे यंत्र समजून घेऊ. गळ्याच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या कूर्चेच्या पेटीत दोन स्वरतंतू असतात. पुरुषांत ते साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांबीचे, स्त्रियांत त्याहून आखूड. छातीतून वर येणारी हवा त्यांच्या फटीतून जाताना ते एकमेकांवर आपटत थरथरतात. साध्या बोलण्यात पुरुषाचे तंतू सेकंदाला सुमारे शंभर ते एकशेतीस वेळा, स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा. त्या बारीक थरथरीला घशाची, तोंडाची आणि नाकाची पोकळी आकार देते, तेव्हा आपल्या ओळखीचा आवाज तयार होतो. म्हणजे आवाज केवळ गळ्याचा नसतो. श्वास, तंतू आणि पोकळी या तिघांचा तो संसार आहे.

येथेच एक गैरसमज दूर करतो. गुळणीचे पाणी, हळद घातलेले दूध, ज्येष्ठमधाची कांडी यांपैकी काहीही स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. गिळलेली वस्तू त्यांच्या मागच्या अन्ननलिकेतून खाली जाते; तंतूंवर पडली असती तर आपल्याला जोराचा ठसका लागला असता. या उपायांनी घशाला आराम वाटतो, तो खोटा नाही. पण तंतूंचा आजार त्यांनी जात नाही. माझ्या गुळण्यांनी बुवांचा काय फायदा होणार होता, हे आता आपल्या लक्षात येईल.

बुवांना किरणोपचार मिळाले. तंतूवरचा रोग इतक्या सुरुवातीला सापडला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, बुवाही झाले. मात्र आवाज पहिला राहिला नाही. जाडसर, थोडा खरखरीत, वरच्या पट्टीत न चढणारा. उपचार संपल्यावर ते भेटायला आले आणि त्यांनी विचारले, ‘‘गळाच बदलला, मग गाणं राहतंय का डॉक्टर?’’

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नव्हते. ते आपल्या कोल्हापुरात होते.

उस्ताद अल्लादिया खाँ राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते आणि १९२२ साली महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईला गेले, हे गाण्याची आवड असलेल्या वाचकांना ठाऊक असते. त्यांच्या आयुष्यातली त्याआधीची घटना मात्र फारशी सांगितली जात नाही. तरुणपणी आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात त्यांना दिवसेंदिवस फार गावे लागले आणि त्या ताणाने त्यांचा आवाज गेला. पुढे आवाज आला, पण पूर्वीचा गोडवा आणि मोकळेपणा आला नाही. दुसरा एखादा गवय्या हरवलेला आवाज ओरडून परत आणायला गेला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल असे गाणे घडवले. स्वराच्या नुसत्या माधुर्यावर भिस्त न ठेवता वळणावळणाच्या ताना, लयीशी घट्ट बांधलेली आलापी आणि आकारात सलग पुढे जाणारी मांडणी त्यांनी सिद्ध केली. आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणून ज्या गायकीचा आपण अभिमान धरतो, तिच्या मुळाशी एक दुखावलेला गळा आहे.

कोल्हापुरापासून मिरज काही फार लांब नाही, पण तिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ अगदी दुसऱ्या वाटेने गात होते. त्यांचा आवाज बारीक, टोकदार, नाकाच्या पोकळीत घुमणारा आणि वरच्या पट्टीतला. किराणा घराण्याची ही रीत एकेका स्वरावर सावकाश थांबण्याची. जयपूरच्या गायकाला लांब, न तुटणारा दमसास आणि उघडा जबडा लागतो. किराण्याच्या गायकाला कमी हवेत स्वर स्थिर ठेवण्याचे कसब लागते. केसरबाई केरकरांनी दोन्ही घरचे पाणी चाखले होते. वयाच्या आठव्या वर्षी त्या गोव्याहून कोल्हापुरास आल्या, तेव्हा आठ महिने त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम मिळाली; पुढे १९२१पासून त्या अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. त्या आवाजामागे वर्षानुवर्षांचे पलटे होते.

डॉक्टर म्हणून मला अधिक ओढ वाटते ती ज्यांचे शरीर आडवे आले त्यांच्याविषयी. गंगूबाई हनगल तरुणपणी उंच, नाजूक आवाजात गात. तेव्हाच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर त्या त्यांच्याच आहेत यावर विश्वास बसत नाही. पुढे घशाचा विकार झाला, उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, पुरुषी झाला. त्यांनी तो लपवला नाही. त्याच खर्जाच्या वजनावर त्यांनी किराण्याची संथ आलापी उभी केली आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या गायल्या. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला. देवासला सुमारे पाच वर्षे ते अंथरुणावर होते, गाणे बंद. स्ट्रेप्टोमायसिन नुकतेच हाती आले होते, म्हणून जीव वाचला. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. परत गायला बसले तेव्हा त्यांच्या गाण्यात छोट्या छोट्या, झटक्यात उसळणाऱ्या जागा होत्या. लांब तानेला लागणारी हवाच कमी होती. श्रोत्यांना ती नवी शैली वाटली, आणि ती होतीच. मला त्यात श्वासाचा काटेकोर हिशोबही ऐकू येतो.

किशोरी आमोणकरांचाही आवाज विशीत आजारपणाने काही काळ गेला होता. त्या काळात त्यांनी मनातल्या मनात गाण्याचा विचार केला, असे त्या सांगत. सक्तीची विश्रांती वाया जातेच असे नाही.

बुवांना मी हे सगळे सांगितले. ते ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘ते थोर लोक. आम्ही टाळकरी.’’ बरोबर आहे. पण तंतू थोरांचे आणि टाळकऱ्यांचे एकाच मांसाचे असतात, आणि तालमीतल्या काही गोष्टी आपल्यालाही लागू पडतात.

वय वाढते तसे स्वरतंतूंतले स्नायू बारीक होतात, पेटीची कूर्चा कडक होते, छातीचा भाता लहान होतो. पुरुषांत तंतू मधे किंचित वाकून फट राहते, हवा वाया जाते. आवाज पातळ, चिरका आणि लवकर दमणारा होतो. स्त्रियांत पाळी गेल्यानंतर तंतू किंचित जाड होतात आणि आवाज उतरतो. यावर बहुतेक वृद्ध दोनपैकी एक करतात: गळ्याला ताण देऊन मोठ्याने बोलतात, नाहीतर बोलणेच सोडतात. दुसरे अधिक वाईट, कारण न वापरलेला स्नायू आणखी वाळतो आणि माणूस घरातल्या घरात एकटा पडतो. कुजबुजणे म्हणजे विश्रांती, हाही भ्रम आहे. जोर लावून कुजबुजल्याने गळ्यावर ताणच येतो.

पहाटेच्या खर्जसाधनेत शहाणपण आहे. खालच्या स्वरात तंतू सैल असतात आणि थोड्या हवेत काम होते. मात्र गळा दाबून खर्ज काढला तर ती साधना नव्हे, दुखापत आहे. आपल्यासाठी त्याहून सोपे म्हणजे ओठ मिटून सहज पट्टीत गुणगुणणे. ओठांवर झिणझिण्या जाणवल्या तर बरोबर चालले आहे असे समजावे. वाणीदोषतज्ज्ञ असाच एक व्यायाम देतात: सरबताची नळी अर्ध्या पेल्याएवढ्या पाण्यात थोडी बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. ओठांकडची वाट अरुंद झाली की हवेचा उलटा दाब तंतूंना आधार देतो आणि त्यांची आपटाआपट कमी होते. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे पुरे. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी पाण्याऐवजी नुसते गुणगुणावे. त्यानंतर वर्तमानपत्राचा एक परिच्छेद मोठ्याने वाचावा, श्वास संपण्याआधी थांबत. पाणी दिवसभर घोट घोट प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती पाळावी.

हे सारे तपासणीनंतर. वृद्धाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर तंतू दुर्बिणीने पाहून घ्यावेत, दुखत नसले तरी. तंबाखू, विडी किंवा मिश्री यांची सवय असेल तर विशेषच. आपल्याकडे अनेक आजीबाई मिश्रीला दंतमंजन समजतात. ती भाजलेली तंबाखूच असते. मानेत गाठ, गिळायला त्रास, थुंकीत रक्त, एकाच कानात ठणका यांपैकी काही असेल तर तीन आठवडेही थांबू नये. श्वास घेताना घुरघुर होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालून वर येते, त्यामुळे फुप्फुसातल्या रोगानेही आवाज बसतो. मानेची, थायरॉइडची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर आवाज बदलला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी.

सांभाळणाऱ्यांसाठी आणखी एक खूण. ‘मला कोणी नीट ऐकतच नाही, सगळे बहिरे झालेत’ अशी तक्रार वडीलधारी व्यक्ती करू लागली आणि तिचा आवाज एकसुरी, हळू होत चालला असेल, तर कंपवाताची शंका घ्यावी. आपला आवाज लहान झाला आहे हे त्या रुग्णाला स्वतःला कळत नाही. हात थरथरण्याआधीही हे घडू शकते. याच्या उलट, घरातले दुसरे माणूस खरोखरच बहिरे असते आणि त्याच्यासाठी ओरडून ओरडून आजीचा गळा बसतो. अशा वेळी कानाचे यंत्र आजोबांना लागते, औषध आजीला नाही.

बुवांच्या सुनेने नळीचा व्यायाम स्वतः शिकून घेतला आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून करून घेतला. या वर्षी काकडआरतीला मंडळाने पेटीची पट्टी दोन स्वरांनी खाली घेतली. चाल आता बुवांचा पुतण्या धरतो. बुवा मागे बसून ध्रुपद उचलतात, आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला येताना तोंडात तंबाखू नाही हे मला न विचारता दाखवतात.