देवदिवाळीची गर्दी आणि मोबाइलचे अरुंद दार

कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळीसाठी वाराणसीच्या घाटांवर लाखोंचा समुदाय लोटतो. मोबाइलवर सिग्नलच्या सर्व रेषा दिसतात, तरी फोन लागत नाही. त्या रेषा टॉवरचे संदेश पोहोचत असल्याचे सांगतात. टॉवर आपली मागणी ऐकेलच, असे नव्हे. फोरजीत जोडणी मागण्यासाठी प्रत्येक सेलमध्ये ६४ संकेत असतात. फोन त्यांतील एक यदृच्छया निवडतो. दोघांनी एकाच क्षणी एकच संकेत निवडला, तर निदान एकाला पुन्हा प्रयत्न करावा लागतो. गर्दीत हे पुनःप्रयत्नच कोंडी वाढवतात.

सेल ब्रॉडकास्टच्या इशाऱ्याला मात्र ही मागणी करावीच लागत नाही; तो परिसरातील ही सुविधा चालू असलेल्या मोबाइलवर एकदम पोहोचतो. म्हणून जादा टॉवरवर विसंबून न राहता, चेंगराचेंगरी टाळण्यासाठी ही व्यवस्था उत्सवाच्या नियोजनातच अनिवार्य हवी.