जुना स्कॅनर, नवं लिनक्स: ३०० डीपीआयला चकाचक, १२०० ला पट्टे का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट लॅपटॉप अधांतरी राहिले. त्यातले काही लिनक्सवर आले आणि त्यांच्या मागोमाग घरातला जुना फ्लॅटबेड स्कॅनरही. तेव्हापासून ओळखीच्या तिघांनी मला जवळपास एकच तक्रार पाठवली आहे: मार्कशीट ३०० डीपीआयला झकास येते, पण आजोबांचा फोटो १२०० ला स्कॅन केला की उभे पट्टे, कडांना दाते, रंगांची किनार. "लिनक्सचा ड्रायव्हरच फालतू" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य आहे.

लिनक्सवर स्कॅनिंगची भिस्त 'सेन' या ओपन सोर्स प्रकल्पावर असते. नाव म्हणजे 'स्कॅनर ॲक्सेस नाऊ इझी'चं लघुरूप (इझी कितपत, ते तुम्हीच ठरवा). त्यात वेगवेगळ्या स्कॅनरसाठी वेगवेगळे बॅकएंड असतात. कॅननच्या लाइड मालिकेतली बरीच मॉडेल्स 'जेनेसिस' बॅकएंडवर चालतात. चिपची आतली माहिती कंपन्या सहसा देत नाहीत. मग स्वयंसेवक विंडोजचा ड्रायव्हर चालवून यूएसबीवरून काय ये-जा होते ते टिपतात आणि त्यावरून कोड लिहितात. ज्या रिझोल्यूशनवर जास्त लोक स्कॅन करतात, ते जास्त तपासलं जातं. म्हणजे ३००.

१२०० ला कामही बदलतं. ए-४ पानाचा रंगीत स्कॅन ३०० ला साधारण २६ एमबी होतो, १२०० ला सोळापट, म्हणजे ४०० एमबीच्या वर. संगणकाने तो वेळेत उचलला नाही तर स्कॅनरची मेमरी भरते, आतली पट्टी थांबते, थोडी मागे येते आणि पुन्हा निघते. तिथला सांधा चुकला की आडवी रेघ. त्यामुळे स्कॅनर हबमधून नको, थेट लॅपटॉपला जोडा, आणि पूर्ण काचेऐवजी फक्त फोटोएवढाच भाग निवडा.

उभ्या पट्ट्यांचं गणित वेगळं. सेन्सरचा प्रत्येक कण थोडा कमी-जास्त उजेड पकडतो. हा फरक काढण्यासाठी स्कॅनर आतल्या पांढऱ्या पट्टीकडे बघून कॅलिब्रेशन करतो. त्या पट्टीवर धुळीचा कण असेल, किंवा साठवलेलं जुनं कॅलिब्रेशन वापरलं गेलं, तर चूक पानभर खाली ओढली जाते. जेनेसिसमध्ये कॅलिब्रेशन पुसण्याचा पर्याय आहे. आधी तो वापरा. त्याआधी एक साधी चाचणी: फोटो ९० अंशात फिरवून पुन्हा स्कॅन करा. पट्टे फोटोबरोबर फिरले तर दोष फोटोत, जागेवरच राहिले तर स्कॅनरमध्ये.

दाते आणि रंगांची किनार मात्र तुमच्या हातात नाही. काही सीसीडी स्कॅनर मोठं रिझोल्यूशन गाठायला सेन्सरच्या दोन रांगा अर्ध्या पिक्सेलने सरकवून बसवतात. लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या रांगाही एकमेकींपासून लांब असतात. किती ओळी मागे-पुढे करून त्या जुळवायच्या, हे ड्रायव्हरला अचूक माहीत हवं. एका ओळीची चूक झाली तरी कंगवा तयार. इथे दोष खरोखर ड्रायव्हरचाच.

नव्या वाय-फाय प्रिंटरवर, म्हणजे एअरस्कॅनवाल्यांवर, ही भानगड बहुतेक नसते. चित्र तयार करण्याचं काम यंत्रातलं फर्मवेअरच करतं. तिथे पट्टे आले तर लिनक्सला शिव्या देऊन उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर १२०० चा हट्ट बऱ्याचदा नको. सरकारी पोर्टलला शेवटी काही केबींचीच फाइल लागते. कागदावरच्या जुन्या फोटोला ६०० पुरतं. खोक्यावरचा ९६०० चा आकडा तर अनेकदा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. ऑप्टिकल आकडा बघा. अपवाद निगेटिव्हचा, पण त्याला मागून उजेड देणारा स्कॅनर लागतो. आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ज्या मोडी कागदांना भाव आलाय, ते तरी फोन ॲपच्या काळ्या-पांढऱ्या फिल्टरमधून काढू नका. फिकट शाईचा फराटा त्यात सरळ पुसला जातो, आणि अडतं नेमकं तिथेच. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल ठेवा.

सगळं करून दाते तसेच राहिले तर सेनच्या गिटलॅबवर बग नोंदवा: मॉडेल, सेनची आवृत्ती, कोणत्या डीपीआयला बिघडतं आणि कोणत्याला नाही. सोबत मूळ फाइल जोडा, व्हॉट्सॲपवरून आलेली जेपीईजी नको, त्यात पुरावाच दाबला जातो. नमुना म्हणून आखीव वहीचं पान किंवा मोजपट्टी स्कॅन करा. आधार कार्ड अजिबात नको, ती फाइल सगळ्यांना दिसते.